डिपेश मोड : दर अल्बमला आवाज बदलला तो नेमका कशामुळे?

मंद्रसप्तक

डिपेश मोड ह्या ब्रिटिश बँडचे १५ स्टुडिओ अल्बम सध्या क्रमाने ऐकतोय, १९८१ च्या 'स्पीक अँड स्पेल'पासून २०२३ च्या 'मेमेंटो मोरी'पर्यंत. इथे त्यांची गाणी ऐकणारे बरेच जण आहेत, पण स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून काढतोय.

एवढी वर्षं टिकलेल्या बहुतेक बँडची गोष्ट ठरलेली असते. पहिल्या दहा वर्षांत नाव होतं, पुढे त्याच गाण्यांवर दौरे होत राहतात. डिपेश मोडचे पहिले सात-आठ अल्बम ओळीने लावले तर ते एकाच बँडचे आहेत हे अनोळखी माणसाला सांगूनही पटणार नाही. ह्याला सगळे 'प्रयोगशीलता' म्हणतात आणि विषय संपवतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आवाज बदलायचा असं ठरवून त्यांनी तो क्वचितच बदलला. बदलत गेली ती काम करायची पद्धत, कधी आपणहून, तर कधी कोणी सोडून गेलं म्हणून. आवाज तिच्या मागोमाग बदलला. मार्टिन गोरची चाल मात्र जागची हलली नाही.

सुरुवातच बघा. लंडनच्या पूर्वेला एसेक्समधलं बॅसिल्डन, साल १९८०. व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोर, अँडी फ्लेचर आणि गायक डेव्ह गाहन. तिघांपुढे सिंथेसायझर, ठेक्याला यंत्र. म्यूट रेकॉर्ड्स ह्या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या डॅनियल मिलरने त्यांना हाताशी धरलं. पहिल्या अल्बममधली जवळजवळ सगळी गाणी क्लार्कची. गोरच्या वाट्याला दोनच रचना, त्यातली एक तर नुसती वाद्यांची. 'जस्ट कान्ट गेट इनफ'ही क्लार्कचंच. आणि १९८१ संपता संपता क्लार्क बाहेर पडला.

गाणी लिहिणाराच गेला की बँड मोडतात. इथे विशीतल्या गोरने ते काम अंगावर घेतलं. पुढच्या वर्षीचा 'अ ब्रोकन फ्रेम' चाचपडत केलेला आहे हे कुणालाही ऐकू येईल, पण 'लीव्ह इन सायलेन्स'मध्ये पुढे येणाऱ्या काळोखाची चाहूल लागते. मग अ‍ॅलन वाइल्डर आला, रीतसर पियानो शिकलेला. आणि १९८३ च्या 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन'पासून सगळंच फिरलं. लंडनच्या शोरडिच भागात रेकॉर्डिंग चाललं होतं. तो भाग तेव्हा ओसाड, जिकडेतिकडे पडझड आणि बांधकामं. ही मंडळी हातोडे आणि टेपरेकॉर्डर घेऊन बाहेर पडली, पत्रे बडवले, नळ बडवले, ते आवाज टेपवर घेतले, सॅम्पलरमध्ये (टिपलेला आवाज कळफलकावर वाजवायचं यंत्र) भरले आणि सुरात वाजवले. 'पाइपलाइन' हे गाणं तर आख्खं असल्याच आवाजांवर उभं आहे. मिक्सिंग झालं पश्चिम बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत, भिंतीच्या अगदी जवळ. दोन वर्षांपूर्वी डिस्कोत वाजणारा हाच तो बँड!

आता ज्या गाण्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, ते 'एंजॉय द सायलेन्स'. १९९० च्या 'व्हायोलेटर'मधलं. गोरने ह्याचा जो कच्चा नमुना आणला होता त्यात नुसती हार्मोनियम आणि त्याचा आवाज होता. संथ, विरहगीताच्या अंगाने जाणारं. वाइल्डरला त्यात वेगवान नाचाचं गाणं दिसलं. गोरला हे बिलकूल रुचलं नव्हतं. शांततेवरचं गाणं, त्याला ठेका कशाला, असा त्याचा सूर होता. तरी करून तर बघू म्हणत वाइल्डर आणि निर्माता फ्लड ह्यांनी खालचा ठेका आणि बेस बांधला, मग गोरला बोलावून गिटारवर काहीतरी वाजव म्हणाले. ती गिटार आज जगभर कुणीही ओळखतं. चालीचा एक स्वरही बदललेला नाही, पण उदासी आणि नाच एकाच वेळी चालू आहेत. डिपेश मोड म्हणजे काय ते ह्या चार मिनिटांत आहे.

१९९० नंतरचं मुद्दाम लिहीत नाही. तिथेच खरी मतभेदांची जागा आहे, तुमचं ऐकायचंय.

जुनी कॅसेट

मस्त धागा. 'सम ग्रेट रिवॉर्ड' (१९८४) राहून गेला बघा तुमच्या लेखात. 'पीपल आर पीपल' ह्याच्यातलं, आणि अमेरिकेत त्यांचं नाव पहिल्यांदा घराघरात गेलं ते ह्याच गाण्याने. लोखंडावर घण पडल्यासारखा ठेका आणि वर एवढी सरळ गोड चाल.

त्यातल्याच 'मास्टर अँड सर्व्हंट'चा किस्सा सांगण्यासारखा आहे. चाबकाचा आवाज म्हणून जो ऐकू येतो तो चाबूक नाहीच, डॅनियल मिलर तोंडाने फूत्कार टाकतोय. आणि कित्येक दिवस मिक्सिंग करून झाल्यावर लक्षात आलं की शेवटच्या धृवपदात स्नेअर ड्रमचा ट्रॅक बंदच राहिला होता. तसंच बाहेर पडलं ते गाणं. आज तो मोकळेपणा ऐकताना उलट छानच वाटतो.

शततारका

मी स्वतः कीबोर्ड वाजवते आणि सॅम्पलरवर काम करते, म्हणून त्या पद्धतीबद्दल थोडं. आज लॅपटॉपवर हजारो तयार आवाज मिळतात, त्यामुळे ह्यांनी काय केलं ते पटकन ध्यानात येत नाही. तेव्हाच्या सॅम्पलरची साठवण इतकी तोकडी होती की काही सेकंदांपलीकडे आवाज मावायचाच नाही. त्यामुळे जे भरायचं ते निवडून. एकदा आवाज आत गेला की तो कळफलकावर पसरतो. खालच्या पट्टीत दाबला की लांबतो आणि जड होतो, वरच्या पट्टीत आखूड आणि टोकदार. पत्र्याचा एकच ठोका खाली घंटेसारखा घुमतो, वर काच तडकल्यासारखा वाजतो.

आणि त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतलं होतं. एका गाण्यात वापरलेला आवाज दुसऱ्यात वापरायचा नाही, सिंथेसायझरमधला तयार आवाज तर नाहीच नाही. दर गाण्याला पाटी कोरी.

१९८६ च्या 'ब्लॅक सेलिब्रेशन'मधलं 'स्ट्रिप्ड' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीपासून खाली एक जो धापा टाकल्यासारखा ठेका चालू आहे, ते उभ्या मोटरसायकलचं इंजिन आहे, निम्म्या वेगाने वाजवलेलं. त्यात गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो ती गाहनची पोर्शे. आता गंमत अशी की गाणं सांगतंय काय, तर शहर, यंत्रं, टीव्ही सगळं सोडून माझ्यासोबत झाडांत चल. आणि ते सांगताना बुडाशी इंजिन धडधडतंय. हे ठरवून केलं की आपोआप जमलं, मला फरक पडत नाही. ते इंजिन काढा, गाण्यातली ओढच निघून जाईल.

मंद्रसप्तक, तुमच्या 'पद्धत आधी, आवाज नंतर' ह्याला माझं पूर्ण अनुमोदन.

वादी-संवादी

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी सहमत नाही. किंवा असं म्हणतो की तुमचा मुद्दा अर्ध्या वाटेपर्यंतच खरा आहे.

तुम्ही जी उदाहरणं दिलीत ती सगळी १९८३ ते १९९० मधली. ह्या काळात बँडमध्ये कोण होता? अ‍ॅलन वाइल्डर. गोर गाणं आणायचा, गाहन गायचा, फ्लेचर व्यवहार आणि माणसं सांभाळायचा, आणि स्टुडिओत रात्र-रात्र बसून त्या गाण्याचं जे काही व्हायचं ते वाइल्डर करायचा. सोबत मिलर, ध्वनिमुद्रक गॅरेथ जोन्स, नंतर फ्लड. १ जून १९९५ ला वाइल्डर बाहेर पडला, आणि कामाची वाटणी असमान आहे, श्रमांची कदर होत नाही, हेच कारण त्याने जाहीरपणे दिलं.

त्यानंतर काय झालं? 'अल्ट्रा' हा पुढचा अल्बम निर्माता टिम सिमेनॉनने केला, तो ट्रिप-हॉपच्या (हिप-हॉपच्या संथ, धूसर ठेक्याच्या) अंगाने वाजतो. 'एक्सायटर' मार्क बेलने केला, तो बारीक टकटकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आवाजांचा. मग बेन हिलियरचे ओळीने तीन, मग जेम्स फोर्ड. म्हणजे बाहेरचा माणूस जे घेऊन आला ते ह्यांनी अंगावर घातलं. ह्याला नवा जन्म म्हणायचं का? मी तर म्हणेन की डिपेश मोडचा शेवटचा खरा बदल १९९३ चा.

तिसरी घंटा

१९९३ चा विषय निघालाच आहे तर 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन'बद्दल लिहितेच. माझा सगळ्यात जवळचा अल्बम.

'व्हायोलेटर' कमालीचा गाजल्यानंतर तसाच आणखी एक करणं सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं. गाहन तोवर लॉस एंजलिसला राहायला गेला होता, केस वाढलेले, अंगभर गोंदण, आणि डोक्यात अमेरिकन रॉक. त्याला गिटारं हवी होती, घाम हवा होता. माद्रिदजवळ एक बंगला भाड्याने घेऊन त्यातच स्टुडिओ थाटला, सगळे एकाच छताखाली राहून काम करणार. वातावरण इतकं बिघडलं की फार काही हाती लागेना. तरी त्यातून जे निघालं ते बघा! यंत्राच्या जागी वाइल्डर स्वतः ड्रमवर बसला. मग ते वाजवलेले तुकडे कापून, जोडून, फिरवून ठेके केले. म्हणून ते माणसाचेही वाटतात आणि यंत्राचेही. गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं, गाणाऱ्या बायकांचे आवाज आले, 'वन केरेस'ला तर फक्त तंतुवाद्यांचा ताफा आणि गोरचा गळा. सिंथेसायझरवाल्या पोरांचा हा अल्बम ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला.

पण मला इथे वेगळं म्हणायचंय. तुम्ही दोघंही गोर की वाइल्डर ह्यातच अडकलात. गाहनच्या गळ्याचं काय? पहिल्या अल्बमवर तो सपाट, थोडा बुजलेला गातो. 'नेव्हर लेट मी डाउन अगेन'पर्यंत (१९८७) खर्ज भरून आलाय. 'कंडेम्नेशन'मध्ये तो जे गातो त्याला मी प्रार्थनाच म्हणेन, आणि ते शब्द गोरचे आहेत हे विसरायला होतं. मग हेरॉइनच्या व्यसनात १९९६ च्या मे महिन्यात त्याचं हृदय दोन मिनिटं थांबलं होतं. त्यातून सावरून तो 'अल्ट्रा' गायला. 'बॅरल ऑफ अ गन'मधला त्याचा आवाज ऐकून मला आजही गलबलून येतं. वाद्यं कुणी लावली हा प्रश्न त्या क्षणी मनात येतच नाही. दुसऱ्याने लिहिलेलं गाणं इतकी वर्षं स्वतःचं करून गाणं, आणि दर वेळी गळा नव्याने शोधणं, हाही बदलच आहे की.

जुनी कॅसेट

तिसरी घंटा, +१. आणि प्रत्यक्ष कार्यक्रमांचा भाग धरलाच पाहिजे. १८ जून १९८८, पॅसाडिनाचं रोझ बोल मैदान, ६० हजारांवर माणसं. ड्रमर नाही, चार माणसं आणि मुख्यतः कीबोर्ड. तोवर अमेरिकेत असल्या बँडला स्टेडियम भरता येईल असं फारसं कुणी धरून चालत नव्हतं. '१०१' ह्या माहितीपटात त्या गर्दीचे वर डोलणारे हात बघा. एवढी गर्दी पेलणारा माणूस पुढच्या अल्बममध्ये तोंडातल्या तोंडात गाईलच कसा? त्या मैदानाने गाहनला बदललं, आणि गोरनेही पुढची गाणी त्या गळ्याला झेपतील अशी लिहिली, असं मला वाटतं.

मंद्रसप्तक

वाचतोय सगळं, मजा येते आहे.

गाहनच्या गळ्याचा मुद्दा फार मोलाचा. त्यात एक भर. २००३ मध्ये त्याने स्वतःचा पहिला एकल अल्बम काढला आणि परत येऊन सरळ सांगितलं की आता माझीही गाणी घ्या. 'प्लेइंग द एंजल'मध्ये (२००५) त्याची तीन गाणी आली. वीसेक वर्षं फक्त एकच जण लिहिणार अशी घडी बसलेल्या बँडमध्ये ही लहान गोष्ट नाही.

वादी-संवादी, तुमच्याशी मात्र भांडायचंय. वाइल्डर नसता तर हा बँड इथवर आला नसता, ह्यात दुमत नाही. पण 'बाहेरचा माणूस आणतो ते अंगावर घालतात' हे पटत नाही. बाहेरचा माणूस तर सुरुवातीपासून आहे. मिलर बँडमध्ये कुठे होता? फ्लड कुठे होता? 'पर्सनल जीझस'चा तो पाय आपटल्यासारखा ठेका मिलानच्या स्टुडिओत वाद्यांच्या पेट्यांवर माणसांनी उड्या मारून घेतलेला आहे. ती कल्पना कुणाची, ह्यापेक्षा त्या खोलीत असल्या कल्पनेला कुणी नाही म्हणालं नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. दारं उघडी ठेवणं हाच ह्यांचा स्वभाव आहे. आणि तेच गाणं कंट्री गायक जॉनी कॅशने २००२ मध्ये मुख्यतः साध्या गिटारच्या साथीने गायलं, तर ते जणू जुनं अमेरिकन भक्तिगीत असावं असं वाटतं. गायिका टोरी एमोसने 'एंजॉय द सायलेन्स' केलं तेही असंच सगळं उतरवून. म्हणजे आत काहीतरी पक्कं आहे, म्हणूनच बाहेरचं इतक्या वेळा बदलता येतं.

वादी-संवादी

कॅशचं उदाहरण बिनतोड आहे, पण ते माझ्याच बाजूने जातं! गाणं पक्कं आहे, मान्य. गोर हा त्या पिढीतल्या सर्वोत्तम गीतकारांपैकी एक, हेही मान्य. पण धाग्याचा प्रश्न आवाजाचा आहे. गोरची गाणी २००९ मध्येही चांगलीच होती. 'साउंड्स ऑफ द युनिव्हर्स'च्या वेळी तो जुने सिंथेसायझर शोधून शोधून विकत घेत होता, आणि अल्बम ऐकताना ती यंत्रं ऐकू येतात, पण 'ब्लॅक सेलिब्रेशन'मध्ये यंत्र ऐकू येत नाही, जागा ऐकू येते. एक ओली, अंधारी, खोल जागा. एकेका आवाजावर दिवसचे दिवस घालवणारा माणूस खोलीत असल्याशिवाय ते होत नाही.

क्लार्कचं बघा. तो गेला आणि गायिका अ‍ॅलिसन मोयेटबरोबर याझू ही जोडी, मग गायक अँडी बेलबरोबर इरेझर. तोही दर वेळी नव्या गळ्याबरोबर काम करत राहिला, पण त्याचा हात कुठेही ओळखू येतो. २०१२ मध्ये क्लार्क आणि गोर इतक्या वर्षांनी एकत्र आले आणि शब्दांशिवायचा कोरडा टेक्नो अल्बम करून मोकळे झाले. तो ऐकून मला कळलं की ह्या दोघांनाही यंत्रांची खरी आवड आहे. वाइल्डरला यंत्रांची पर्वा नव्हती, त्याला ध्वनीची होती. फरक तिथे आहे.

शततारका

'यंत्र ऐकू येत नाही, जागा ऐकू येते' हे वाक्य अगदी नेमकं. पण 'अल्ट्रा'ला तुम्ही ट्रिप-हॉपच्या एका ओळीत बसवलंत ते नाही पटलं. 'होम' ऐका. सिमेनॉनचा ठेका आहे, हो, पण त्यावर चढत जाणारी तंतुवाद्यं आणि शेवटची ती गिटार, ह्यात जी मोकळी हवा आहे ती ह्यांच्या आधीच्या कुठल्याही अल्बममध्ये नाही. वाइल्डर असता तर तो शेवट आणखी दाट झाला असता, आणि मग गाणं तसं सुटलं नसतं.

१७ फेब्रुवारी २०१० ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाइल्डर एका गाण्यापुरता परत आला होता. 'समबडी', पियानोवर तो आणि गायला गोर, बस्स. सोडून गेल्याला पंधरा वर्षं झाली होती. प्रेक्षकांचा जो आवाज उठतो त्याच्यात पहिले सूर बुडून जातात.

अवखळ

मी ह्यातलं फक्त 'मेमेंटो मोरी' ऐकलंय आणि फार आवडलंय. बाकी नावंच ऐकून आहे. तो अल्बम तुमच्या चर्चेत कुठे बसतो? आणि मागे जायचं तर कुठून सुरू करू?

तिसरी घंटा

अवखळ, स्वागत! अँडी फ्लेचर २६ मे २०२२ ला अचानक गेला. त्याने गाणी लिहिली नाहीत, स्टुडिओत त्याचा हात फारसा नसायचा, त्यामुळे 'तो करायचा तरी काय' असं बरेच लोक विचारायचे. पण गोर आणि गाहन ह्या दोन टोकांमध्ये तो उभा होता. गाणी बहुतेक आधीच लिहून झाली होती, अल्बमचं नावही आधी ठरलेलं. तरी तो गेल्यावर ते नाव सगळ्यांनी त्याच्याशीच जोडलं. मग स्टुडिओत उरले दोघंच, सोबत जेम्स फोर्ड आणि मार्टा सालोन्यी. आणि काय झालं बघ, 'वॅगिंग टंग' ह्या गाण्याखाली गोर आणि गाहन दोघांचीही नावं आहेत. चाळीस वर्षांत ही गोष्ट जवळजवळ घडलीच नव्हती. शिवाय गोरने पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाबरोबर, सायकेडेलिक फर्स ह्या बँडच्या रिचर्ड बटलरबरोबर, गाणी लिहिली. 'घोस्ट्स अगेन' त्यांच्यातलंच. मंद्रसप्तकांचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू पडतो.

वादी-संवादी

हे मान्य करावंच लागेल. 'मेमेंटो मोरी'मध्ये पद्धत खरोखर बदलली आणि ते ऐकू येतं. आवाज कमी, जागा जास्त. 'स्पिरिट'मध्ये (२०१७) फोर्डच होता, तरी तो अल्बम मला घुसमटलेला वाटतो. म्हणजे १९९३ नंतरचा एक तरी बदल मी खरा धरतो. 'एक्सायटर'बद्दल माझं मत तेच आहे.

मंद्रसप्तक

'एक्सायटर'साठी वेगळा धागा काढू, 'ड्रीम ऑन'वर मला बरंच बोलायचंय.

अवखळ, क्रमाने ऐकू नकोस. 'मेमेंटो मोरी' आवडलाय तर आधी 'ब्लॅक सेलिब्रेशन' लाव, त्यातला काळोख तुला ओळखीचा वाटेल. मग 'व्हायोलेटर', सलग ऐक, मधली छोटी वाद्यांची जोडणी वगळू नकोस. त्यानंतर 'साँग्ज ऑफ फेथ अँड डिव्होशन' आणि लगेच 'अल्ट्रा', म्हणजे वाइल्डर असतानाचा आणि नसतानाचा फरक तुझा तुलाच कळेल आणि तू ह्या वादात कोणत्या बाजूला ते इथे येऊन सांग. 'स्पीक अँड स्पेल' सगळ्यात शेवटी ठेव. रोझ बोलचं रेकॉर्डिंग ऐकशील तेव्हा 'एव्हरीथिंग काउंट्स'च्या शेवटी बँड थांबल्यावरही लोक धृवपद गात राहतात, तिथपर्यंत नक्की थांब.